बादलीतली माती

मका उगवून तेविसावा दिवस असेल. धोंडाबाई सकाळी पाण्याचं बारं धरायला वावरात उतरली आणि दुसऱ्याच सरीत तिला ते पान दिसलं. मधली शीर हिरवी, कडा हिरव्या आणि त्यांच्या मधे बुडापासून वर चढत गेलेले दोन पांढुरके पट्टे. दव साठलं असेल म्हणून तिने अंगठ्याला थुंकी लावून पान पुसलं. पट्टा गेला नाही. मग तिने पुढचं रोप पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. तेवढ्यात पाणी सरी फोडून शेजारच्या बांधाला लागलं, तेही तिला कळलं नाही.

नवऱ्याने, सहादूने, पाण्याच्या मोटारीपासून हाक मारली तेव्हा ती भानावर आली. त्याला तिने त्या दिवशी काही सांगितलं नाही. त्यालाही दिसणारच होतं. एक दिवस उशिरा दिसलं तर बिचाऱ्याची एक दिवसाची झोप वाचेल, एवढाच तिचा विचार.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या थंडीतली. सायखेड्याला गोदावरीच्या काठी सहादू पगारे आणि त्याचा धाकटा भाऊ झुंबर यांचं सामाईक दोन एकर वावर. सातबाऱ्यावर नावं दोघांची, राबणारे मात्र सहादू आणि धोंडाबाई. झुंबर देवळाली कॅम्पला मिल्ट्रीच्या गोदामात कामाला होता. बायको लताबाई आणि दोन मुलींना घेऊन तो भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. तोफांचा सराव सुरू झाला की त्या खोलीचे पत्रे थरथरायचे आणि धाकटी मुलगी पाटावरून उठून आईला बिलगायची. झुंबरने कॅम्पाबाहेर थोडी जागा घेऊन ठेवली होती. तिच्यावर दोन पक्क्या खोल्या उभ्या करायच्या, हे एकच त्याच्या डोक्यात होतं. जागा होती, विटा नव्हत्या.

विटा मोतीरामकडे होत्या. त्याची भट्टी नदीच्या वरच्या अंगाला, आणि तिथली माती आता संपत आली होती. त्याने झुंबरला गाठून सांगितलं की तुमचं वावर नाहीतरी चोपण झालंय, दोन वर्षं सोयाबीन पिवळं पडतं, गहू वीतभर वाढून थांबतो. मला तीन फूट माती उचलू द्या, तुमच्या दोन खोल्यांच्या विटा माझ्याकडून, आणि सहादूला भट्टीवर बारमाही काम. म्हणजे सहादूने आपल्याच वावराची माती आपल्याच पायांनी तुडवून मोतीरामच्या विटा पाडायच्या. मोतीरामला यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण दोन्ही भावांचं भलं करतोय, असाच त्याचा चेहरा होता.

झुंबर काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला आला तेव्हा त्याने भावाला सरळ सांगितलं, हे एक पीक घे. मका चांगला आला तर मी विषय काढणार नाही. नाही आला तर सव्वीस जानेवारीची सुट्टी आहे, मी स्टँपपेपर घेऊन येतो. सहादू हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? वावर अर्धं त्याचंही होतं.

म्हणून त्या पांढुरक्या पट्ट्यांची धास्ती. चार दिवसांत ते निम्म्या वावरात पसरले. सहादू बांधावर उकिडवा बसून राहिला. त्याचा उजवा गुडघा दुखरा, उकिडवं बसलं की उठताना हात टेकावा लागायचा, तरी तो बसला. द्राक्षांच्या बागेत विरळणीला जाणाऱ्या बायका बांधावरून जाताना पाहायच्या. त्यातली नवसाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "धोंडाबाई, तुमचा मका शाळेत चालला का? गणवेश घालू राहिला." बाकीच्या हसल्या. धोंडाबाईही हसली, कारण तिला त्याच बायकांबरोबर दिवसभर घड विरळायचे होते.

गावच्या कृषी सहायकाने पान उन्हात धरून पाहिलं आणि सांगितलं की हे झिंकच्या कमतरतेसारखं दिसतंय, पण दिसण्यावर जाऊ नका, नाशिकला माती तपासून आणा. त्याने एक पत्रक दिलं. वावरात दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याची कड तासून माती काढायची, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवायची. पत्रकात खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. सहादू पाचवीपर्यंत शिकलेला, त्याने मोठी अक्षरं वाचली.

त्याने खुरप्याने माती काढली आणि प्लास्टिकच्या घमेल्यात आणून ओट्यावर ठेवली. धोंडाबाईने वाकून पाहिलं. घमेल्याच्या कडेला युरियाचे दाणे चिकटलेले, बुडाला शेणाचं वाळकं पोपडं. तिच्या जिवाला ते बरं वाटेना. सरकारी हापिसात, साहेबांच्या टेबलावर आपल्या घरची माती अशी घमेल्यात लडबडलेली जायची? लहानपणी माळ्याच्या मळ्यात आईबरोबर खुरपायला गेल्यावर तिने वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं होतं. तेव्हापासून तिच्या हातची वस्तू कुणी नाक मुरडून बाजूला सारावी, हे तिला सहन व्हायचं नाही. तिच्या घरी भांड्यांत तोंड दिसायचं. साऱ्या वस्तीला ते ठाऊक होतं आणि तिलाही त्याचा तोरा होता.

तिने कोनाड्यातली नवी पत्र्याची बादली काढली. बाजारातून आणून महिना झाला होता आणि प्यायच्या पाण्याखेरीज तिच्यात काही पडलं नव्हतं. तरी तिने ती राखेने आणि काथ्याने घसाघसा घासली, तीन पाण्यांनी धुतली आणि घमेल्यातली माती तिच्यात ओतली. वावराला नुकतंच पाणी दिलेलं, माती ओलसर होती. वार शुक्रवार. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार, हापिस बंद, म्हणून माती सोमवारपर्यंत बादलीतच झाकून राहिली. सोमवारी धोंडाबाईने ती धुतलेल्या पिशवीत भरून दिली आणि सहादू चांदोरीवरून जाणाऱ्या एसटीने नाशिकला गेला.

आठ दिवसांनी कागद आला. कृषी सहायकाने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, "सामू, पीएच म्हणतात तो, आठ पॉइंट सहा, म्हणजे जमीन विम्ल आहे. पण झिंक चार पॉइंट आठ. शून्य पॉइंट सहाच्या खाली असतं तर कमी म्हटलं असतं. तुमचं आठपट आहे."

मग पट्टे कशाचे, असं सहादूने विचारलं. कृषी सहायकाने खांदे उडवले. जमिनीचाच दोष असेल, तो म्हणाला. त्याचीही चूक नव्हती, कागद समोर होता. सहादूने तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. संध्याकाळी त्याने गावातल्या फोनवरून झुंबरला सांगितलं. झुंबर म्हणाला की मग आता वाट कशाची बघायची, दादा.

दुसऱ्या दिवशी मोतीराम मोटरसायकलवर आला. बरोबर लोखंडी पहार होती. कुणाला न विचारता त्याने बांधाच्या आत उतरून एका जागी पहार मारली, वर आलेली माती चिमटीत चोळली, जिभेला लावली आणि थुंकला. "माती चांगली हाय," तो म्हणाला. "विटेला." जाताना त्याच्या चाकाखाली मक्याची सात रोपं मोडली. सहादूने ती उचलून बांधावर ओळीने ठेवली. धोंडाबाईला त्याच्या गप्प राहण्याची भीती वाटू लागली. त्याच्या बापाचंही असंच झालं होतं, आधी बोलणं गेलं आणि मग जेवण.

तिचं स्वतःचं जेवणही उतरत नव्हतं. बागेत घड विरळताना हात चालायचे, पण डोळ्यांपुढे तीन फूट खोल खड्डा यायचा आणि त्यात पावसाचं साठलेलं पाणी. एकदा कात्रीने तिने चांगला घडच देठापासून उतरवला. बागमालकाच्या बायकोने सगळ्यांदेखत तो तिच्या हातात देऊन म्हटलं, घेऊन जा घरी, आता कोणाच्या कामाचा? तो घड घरी नेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती मोटारीच्या खोपीला टेकून बसली होती. खोप म्हणजे चार लाकडं आणि वर पत्रा. पंधरा पावसाळे खाऊन तो पत्रा तांबूस पडला होता. भाकरी सोडताना तिचं लक्ष सहज खाली गेलं. पत्र्याची पागोळी पावसाळ्यात जिथे पडायची, नेमक्या त्या पट्ट्यातला मका गर्द हिरवा होता. दहा-अकरा रोपं. वीतभर इकडे पांढरे पट्टे, वीतभर तिकडे पांढरे पट्टे, मधे ही दहा-अकरा रोपं पोपटासारखी उभी.

सावलीमुळे म्हणावं तर खोपीची सावली दुसऱ्या बाजूला पडत होती. पाण्यामुळे म्हणावं तर पाणी सगळ्यांना सारखंच. तिला काही उमगलं नाही. पण जमीनच वाईट असेल तर ही रोपं कोणाच्या जमिनीत उभी होती? जमिनीचा दोष पागोळीखाली कसा थांबला? तिने भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि एक हिरवं, एक पट्ट्याचं अशी दोन रोपं मुळासकट उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत जाते असं सांगून निघाली आणि नाशिकच्या एसटीत बसली. नवऱ्याशी ती सहसा खोटं बोलायची नाही. पण हा पुन्हा कागद घेऊन आला आणि त्यावर पुन्हा तेच निघालं तर त्याचं काय होईल, याची तिला धास्ती होती. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं होती. शेजारच्या बाईने लसूण आहे का म्हणून विचारलं.

प्रयोगशाळेत तृप्ती नावाच्या मॅडम होत्या. वय फार नव्हतं, अंगात पांढरा कोट, बोटं कसल्याशा औषधाने पिवळी झालेली. शिपाई म्हणाला की अहवाल एकदा दिला की झालं. धोंडाबाई दाराशी तशीच उभी राहिली. तासाभराने मॅडम स्वतः बाहेर आल्या तेव्हा तिने फडकं उलगडून दोन्ही रोपं त्यांच्यासमोर धरली आणि पागोळीचं सांगितलं.

मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं. आकडा पाहिला, रोप पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. मग विचारलं, "बाई, माती वावरातून काढल्यावर कशात ठेवली होती?"

"बादलीत. नवी हाय मॅडम. राखेनं घासून घेतली व्हती, कण राहू दिला नाय."

"पत्र्याची बादली? चकचकीत?"

"हो," धोंडाबाई म्हणाली, आणि क्षणभर तिला बरंही वाटलं, कुणीतरी विचारलं म्हणून.

"किती दिवस होती त्यात?"

"तीन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. पत्र्याला गंज धरू नये म्हणून त्याच्यावर जस्ताचा मुलामा देतात. जस्त म्हणजेच झिंक. काथ्याने घासून तो मोकळा केला, त्यात ओली माती तीन दिवस ठेवली, आणि तो मातीत उतरला. यंत्राने जे मोजलं ते खरंच मोजलं, फक्त ते वावरातलं नव्हतं, बादलीतलं होतं. आणि खोपीच्या पत्र्यावरून पंधरा वर्षं पागोळीबरोबर तेच जस्त थोडंथोडं खाली उतरत होतं, म्हणून तेवढी रोपं हिरवी. पत्रकात खाली लिहिलेलं असतं, पत्र्याचं भांडं वापरू नये म्हणून.

धोंडाबाईच्या कानशिलांत गरम झालं. घमेल्यात राहिली असती तर? नवऱ्याने बरोबर ठेवली होती. आपल्या तोऱ्यापायी वावर विटांत चाललं होतं. तिने पदर तोंडाला लावला. मॅडमना वाटलं बाईला खोकला आला, त्यांनी पाणी दिलं.

पाणी पिऊन तिने एकच विचारलं, जमिनीत झिंक नाहीच का मग? मॅडम म्हणाल्या, असतं, बरंच असतं. पण जमीन विम्ल असली, चुनखडी असली, की ते बांधलं जातं आणि मुळांना घेता येत नाही. "एकूण किती आहे ते आम्ही मोजत नाही, बाई. पिकाला घेता येईल असं किती आहे, तेवढंच मोजतो. मातीत एक द्रावण घालायचं, दोन तास हलवायचं, त्यात जेवढं सुटून येतं तेवढं पिकाच्या कामाचं." धोंडाबाईला ते लगेच कळलं. कणगीत दाणे आहेत, पण कणगीचं तोंड लिंपलेलं आहे. पोरं बाहेर उपाशी.

घरी येऊन तिने सहादूला सगळं सांगितलं. बागेचं खोटं आधी, मग घमेलं, मग बादली. तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बादलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्सं तू घासते म्हणून मी निवांत जेवतो. आता घासू नको असं म्हणू का?" आणि महिनाभरात पहिल्यांदा त्याने दुसरी भाकरी मागून घेतली. धोंडाबाईला रडू आलं ते तेव्हा.

दुसऱ्यांदा माती काढली ती लाकडी खुंटीने. खुंटी सहादूने बाभळीची तासली. माती फडक्यावर सावलीत वाळवली, कापडी पिशवीत भरली, आणि ते घेऊन दोघं बरोबर नाशिकला गेले. या वेळी जिथे तिथे धोंडाबाईचा जीव धाकधूक करत होता. पिशवीला सुईने टाके घातले तेव्हा सुईचं काही लागेल का, एसटीच्या लोखंडी दांड्याला पिशवी टेकली तर काय, असं ती नवऱ्याला विचारत होती. साऱ्या वाटेने तिने पिशवी मांडीवरून हलू दिली नाही.

तीन जानेवारीला आकडा आला. शून्य पॉइंट अडतीस. मॅडमनी लिहून दिलं की पुढच्या पेरणीला शेणखतात मिसळून झिंक सल्फेट जमिनीत द्या, उभ्या पिकाला आता फवारणी करा, झिंक सल्फेटच्या निम्मा विरलेला चुना घालून. पोंग्यातून नवीन पानं निघतील ती हिरवी यायला हवीत, जुन्या पानांचे पट्टे जाणार नाहीत.

इथे नवरा-बायकोचं वाजलं. सहादूला अख्खं वावर एका दिवसात फवारायचं होतं. धोंडाबाई म्हणाली की मधल्या चार ओळी सोडायच्या. सहादू म्हणाला, वेड लागलं का, उपाशी पोराला ताटावरून उठवायचं? ती म्हणाली, "भावजी कागदावर इस्वास ठेवायचे नाय. दोन कागद दोन बोलू राहिले. त्यांना डोळ्यानं दाखवाया पाहिजे." सहादूने पाठीवर पंप चढवला आणि चार ओळी सोडल्या. त्या ओळींच्या कडेने जाताना तो तिकडे बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी कडेच्या आठ ओळींची टोकं करपली. धोंडाबाईने तपकिरी टोकाचं पान खुडून सहादूपुढे धरलं. मग कळलं की पहिल्या पंपात सहादूने चुना चिमूटभरच घातला होता. जमिनीत आधीच चुनखडी, वर आणखी चुना कशाला, असा त्याचा विचार. विचार तसा चुकीचा नव्हता, पण चुना जमिनीसाठी नव्हता, झिंकचा चटका पानाला बसू नये म्हणून होता. आता बोलायची पाळी धोंडाबाईची होती. ती बोलली नाही. बादली कोनाड्यात होती.

मग वाट पाहणं. पाच दिवस काहीच दिसलं नाही. थंडी कडक, नदीवरून धुकं यायचं आणि दहा वाजेपर्यंत मक्यावर बसून राहायचं. धोंडाबाई रोज बागेत जायच्या आधी एक फेरी मारायची, पोंग्यात डोळे घालून बघायची. आठव्या दिवशी एका पोंग्यातून निघालेलं पान तिला वेगळं वाटलं, पण तिने कुणाला सांगितलं नाही. आपल्या डोळ्यांवर तिचा आता भरवसा राहिला नव्हता. नवव्या दिवशी नवसाबाईच बांधावर थांबली आणि म्हणाली, "अगं, तुझा मका हिरवा होऊ राहिला का काय?" धोंडाबाईने तिला घट्ट धरलं. नवसाबाईला काही कळलं नाही. तीही गमतीने हसली आणि तिने धरून घेतलं.

पंधराव्या दिवशी दुसरी फवारणी झाली. या वेळी चुना धोंडाबाईने स्वतः मोजून घातला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून पोरं शाळेतून परतत होती तेव्हा झुंबर दहाच्या एसटीने उतरला. इस्त्रीचा सदरा, काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्टँपपेपर. मोतीराम आधीच वावरात येऊन मोटरसायकलवर बसला होता. झुंबरने भावाला नमस्कार केला, दोन्ही कागद मागून घेतले आणि बांधावर उभं राहून वाचले. नंतर म्हणाला, "एकाच वावराचे दोन आकडे. वहिनी, मी कोणता खरा धरू?"

"दुसरा," धोंडाबाई म्हणाली. "पहिला माझ्या बादलीचा हाय."

तिला ते मोतीरामच्या देखत सांगावं लागलं, घासण्यापासून सगळं. मोतीराम पोट धरून हसला. बादलीतली माती खोटी आणि पिशवीतली खरी, हे बरंय म्हणाला, उद्या म्हणाल मक्याला पट्टे पडले ते तुमच्या लुगड्याचे. सहादूच्या मानेची शीर ताठली. धोंडाबाईने त्याच्या कोपराला हात लावला आणि झुंबरला म्हणाली की आत चला, बघा.

झुंबर ओळींमधून चालत गेला. दोन्ही अंगाला मका कमरेच्या वर आला होता, खालची पानं पट्ट्यांची आणि वरची हिरवी. मधल्या चार ओळींपाशी तो थांबला. त्या गुडघ्याएवढ्याच होत्या. बुडापासून शेंड्यापर्यंत पांढुरक्या, कांडी आखडलेली. तो एका ओळीतलं पान हातात घ्यायचा, मग दुसऱ्या ओळीतलं. बांधावरून मोतीरामने आवाज दिला की औषध मारलं की कोणतंही पीक चार दिवस हिरवं दिसतं.

खोल्यांचं स्वप्न झुंबरच्या काखेत होतं आणि ते टाकायला त्याला कारण हवं होतं, पण कुणाच्या तोंडचं नको होतं. शेवटी त्याने पायातले बूट काढले, पँट वर ओढली आणि भावाकडे ती बाभळीची खुंटी मागितली. एक, दोन, तीन, असे दहा खड्डे त्याने त्या न फवारलेल्या चार ओळींत स्वतः घेतले. कुणाला हात लावू दिला नाही. माती काढून झाल्यावर ती कशात घ्यावी म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला आणि मग त्याने खिशातला रुमाल काढला.

"भावजी," धोंडाबाई म्हणाली, "रुमाल धुतलेला हाय ना?"

झुंबरने तिच्याकडे पाहिलं. त्या प्रश्नात चेष्टा नव्हती, निव्वळ भीती होती, आणि ती त्याला दिसली. लताबाईने सकाळीच धुतलेला दिलाय, तो हळूच म्हणाला. मग मोतीरामला त्याने दहा दिवस थांबायला सांगितलं. मोतीरामने मोटरसायकल वळवली, या खेपेला बांधाच्या बाहेरून.

ते दहा दिवस धोंडाबाईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रुमालातली माती झुंबरने पोहोचवली असेल का, कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत कुठल्या डब्यात तर ठेवली नसेल, असले विचार तिला बागेत घड बुडवताना यायचे. औषधाच्या मगात बोटं तशीच राहायची आणि बागवान ओरडायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी झुंबर आला. या वेळी काखेत पिशवी नव्हती. त्याने ओट्यावर बसून आधी पाणी मागितलं. धोंडाबाईने ते पत्र्याच्या बादलीतून तांब्यात काढून दिलं, कारण पाण्याला ती चालत होती. पाणी पिऊन त्याने खिशातून कागद काढून भावाच्या हातात दिला. शून्य पॉइंट पस्तीस. मॅडमनी माती घ्यायच्या आधी पहिला प्रश्न विचारला होता, कशात आणली म्हणून. रुमालात म्हटल्यावर हसल्या होत्या.

धोंडाबाईने विचारलं, खोल्यांचं काय?

"पत्रा अजून गळत नाय," झुंबर म्हणाला आणि उठला. "वहिनी, त्या चार वळींना काही मारलं का?"

नाही मारलं, ती म्हणाली. त्यांना आता तुरे आले होते, गुडघ्याएवढ्या उंचीवर, केविलवाणे. कणसं धरायची वेळ निघून गेली होती, हे तिघांनाही कळत होतं. तरी झुंबरने पंप मागितला. सहादूने झिंक सल्फेट मोजलं, धोंडाबाईने चुना विरवून निवळी ओतली. झुंबरने इस्त्रीच्या सदऱ्यावरच पंप चढवला, आणि ज्या ओळी त्याला दाखवण्यासाठी उपाशी ठेवल्या होत्या, त्या चारही त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पान न पान भिजवून फवारल्या.